ऊसवाल्यांच्या घरात बिनसाखरेचा चहा

रक्ताच्या रिपोर्टात एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ५.९ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, फक्त विचारलं, "मॅडम, दिवसात चहा किती होतो?" मी मोजायला लागले. उठल्यावर एक, शाळेत मधल्या सुट्टीत एक, घरी आल्या आल्या एक, शिवाय दारात कोण आलं की त्यांच्याबरोबर. चार-पाच तरी होतातच, आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. सपाट छोट्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, आणि आमच्या डब्यातला चमचा कधी सपाट भरल्याचं मला आठवत नाही. म्हणजे नुसत्या चहातून ४० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. माझा तो कोटा दुपारीच संपत होता.

आता आमचं घर वाळवा तालुक्यातलं. शेतात ऊस, ऊस कारखान्याला, आणि सभासद म्हणून सवलतीच्या दरातली साखर घरात. अशा घरात सुनेने चहातली साखर बंद करायची म्हणजे काय ते सांगायला नको. सासूबाई म्हणाल्या, "आगं, उसावर घर उभं राहिलंय आपलं. लोक म्हणतील, साखर विकत्यात आन् पाहुण्याला फिका चहा पाजत्यात."

मग त्यांनीच तोड काढली: गूळ घाल. गुऱ्हाळावरचा चांगला गूळ घरात होताच. गुळाचा चहा करायचं एक तंत्र असतं. दूध उकळत असताना गूळ टाकला की चहा फाटतो, म्हणून गॅस बंद करून, जरा निवल्यावर किसलेला गूळ ढवळायचा. चव खरोखर सुरेख लागते. पण गूळ आला उसाच्याच रसातून, त्यात बहुतांश साखरच. थोडं लोह आणि खनिजं असतात, तेवढ्यासाठी रक्तातली साखर काही गप्प बसत नाही. हल्ली गावोगाव गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्यात आणि लोक तो औषध म्हणून पितात, त्याचं मला हसू येतं. आवडतो म्हणून प्या की!

शाळेतल्या एका बाईंनी साखरेऐवजी घालायच्या स्टेव्हियाच्या, म्हणजे एका गोड पानाच्या झाडापासून केलेल्या, गोळ्या दिल्या. गोड लागतं, पण घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवट काहीतरी रेंगाळतं. माझी खरी तक्रार वेगळी होती. जिभेला चहा गोडच हवा, ही सवय त्या गोळ्यांनी तशीच राहत होती. मला सवयच मोडायची होती.

म्हणून मग हळूहळू उतरायचं ठरवलं. दोन चमच्यांवरून दीड, दीडवरून एक. चमचा सुरीच्या पात्याने सपाट करून घ्यायचा, कारण हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नव्हता. दर वेळी पहिले काही दिवस चहा पाण्यासारखा लागायचा आणि मग कधीतरी तोच बरोबर वाटायला लागायचा. एका चमच्यापर्यंत काही त्रास झाला नाही. शेवटच्या अर्ध्या चमच्याने मात्र रडवलं. अर्धा चमचा असेपर्यंत तो चहा होता. तो गेला आणि कपात राहिला काढा. तुरट, कडू, जीभ खरवडणारा.

इथे कळलं की प्रश्न साखरेचा कमी आणि आमच्या चहा करण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. आपल्याकडची पावडर म्हणजे सीटीसी, यंत्रात पानं चुरडून केलेली बारीक दाण्याची. ती पाण्यात पडताच रंग आणि कडकपणा सोडते. आम्ही ती भरपूर टाकून, खळाखळा उकळून, त्यावर दोन चमचे साखर मारतो. साखर तो कडवटपणा झाकते. झाकण काढल्यावर आतलं सगळं बाहेर आलं.

मग चहाच बदलला. पावडर जवळजवळ निम्मी केली. आलं आणि वेलची आधी पाण्यात चांगली उकळायची. ताजं आलं दुधात तसंच पडलं तर दूध फाटण्याची भीती असते, तेही यात टळतं. मग पावडर, एक उकळी, दूध, पुन्हा एक उकळी आणि लगेच गाळायचा. दूध मात्र वाढवलं. दुधातली प्रथिनं चहातला तुरटपणा धरून ठेवतात, शिवाय दुधाची स्वतःची साखर असतेच, १०० मिलिलिटरमागे साधारण ५ ग्रॅम. वरची साखर गेल्यावर म्हशीच्या दुधाचा गोडवा जिभेला पहिल्यांदा कळला. परसात गवती चहा आहे, त्याची दोन पाती पडली की तर काहीच कमी वाटत नाही. कोरा चहाही करून पाहिला. आमच्या पावडरीचा बिनसाखरेचा कोरा चहा मला घशाखाली उतरेना. भाचीने आणलेल्या दार्जिलिंगच्या पानाचा मात्र उतरला, गरम पाण्यात तीनेक मिनिटं ठेवून गाळलेला. पण तो रविवारी, निवांत वेळ असला तरच.

घरातलं जमलं, बाहेरचं अवघड. गाडीवर सगळ्या पातेल्यात साखर आधीच पडलेली असते, त्यामुळे "साखर कमी" म्हणण्याला काही अर्थ नाही. वेगळा टाकायला सांगितलं तर चहावाला टाकतो, पण मागे उभी असलेली माणसं बघत राहतात. मशीनच्या चहात तर बहुतेक वेळा साखर पावडरीतच मिसळलेली असते. एसटी स्टँडवर मी आता सरळ चहा टाळते.

आणि लोकांची घरं! "बिनसाखरेचा" म्हटलं की पहिला प्रश्न, "शुगर निघाली का काय?" नाही म्हटलं तर दुसरा, "मग कशाला जिवाला त्रास?" आणि तिसरा प्रश्न न विचारताच अर्धा चमचा पडतो, "जरासा घातलाय हं, अगदी फिका कसा द्यायचा?" मी आता स्वयंपाकघरातच जाऊन उभी राहते. हळदी-कुंकवाला ते जमत नाही. तिथे दूधच मागून घेते.

पुढच्या तपासणीला आकडा खाली आला. यात रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजतात आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी तीन महिन्यांनी करतात. पण त्याच काळात मी संध्याकाळी चालायला लागले होते आणि रात्रीचा भातही कमी केला होता, त्यामुळे सगळं श्रेय चहाला देणार नाही. एक गोष्ट नक्की: फिक्या चहाबरोबर गोड बिस्किटं खाल्ली तर सगळा हिशोब पाण्यात. खारी त्यातल्या त्यात बरी, पण तीही मैद्याची.

आता घरात दोन पातेली चढतात. आमचे हे म्हणतात, तुझ्या पातेल्यातल्या चहाला वास जास्त चांगला येतो, आणि त्यातलाच कप घेऊन वर दोन चमचे साखर घालतात.