भोक नसलेला मणी

मण्यात महत्त्वाचं काय? रंग, चकाकी, आकार ही सगळी वरवरची मिजास. खरा ऐवज म्हणजे भोक. ते नसेल तर उरतो नुसता खडा. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतल्या दुकानदाराने ओंजळीत मणी ओतले की नवखा माणूस रंगावर भाळतो. जाणती बाई एक मणी चिमटीत धरून उजेडाकडे बघते. भोक आरपार आहे ना, आत काचेची कणी अडकलेली नाही ना, कड धारदार नाही ना? धारदार कडेचा मणी आतल्या आत दोरा कापत राहतो आणि ऐन सणाच्या दिवशी तोरण दारातून घरभर पसरतं.

हे शहाणपण माझं नव्हे, आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या वर्गातलं. मंडळ महिलांचं असलं तरी पुरुषांना तिथे बंदी नाही, फक्त कुणी फिरकत नाही. मी जातो. धाकट्या मुली मला काका म्हणतात, ज्येष्ठ बायका भाऊ म्हणतात, आणि शिकवणाऱ्या काकू ‘अहो, तुम्ही’ म्हणतात. या ‘अहो, तुम्ही’त आदर किती आणि ‘तिकडे सरका’ किती, हे स्वरावरून ओळखायचं. शनिवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंज्या पडतात, मध्ये मण्यांच्या वाट्या येतात आणि गप्पा सुरू होतात. वर्षभर तोरणं, महिरपी, गौरींचे दागिने, रुखवतात मांडायचे मण्यांचे तांबे-कलश. डिसेंबर लागला की हे सगळं गुंडाळून हलव्याचे दागिने.

मण्यांच्या कामाची मेख दोऱ्यात असते. आमच्याकडे तंगूस वापरतात, गळाला लावतात तोच पारदर्शक नायलॉनचा दोरा. त्याच्या मधोमध तीन मणी घ्यायचे, चौथ्या मण्यात एक टोक डावीकडून आणि दुसरं उजवीकडून घालायचं, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. चार मण्यांचा चौकोन घट्ट मिटतो. पुढच्या चौकोनाला मागची एक बाजू आयतीच मिळते, नवे तीनच मणी लागतात. ओळ संपली की दुसरी ओळ तिच्या कडेला जोडायची, म्हणजे कडेच्या मण्यातून दोरा पुन्हा जाणार. एकेका मण्यातून दोन-तीनदा दोरा फिरवायचा असल्यामुळे भोक किती मोठं याला एवढी किंमत. त्यातून मण्यांचे नंबर उलटे: अकरा नंबरचा मणी आठ नंबरापेक्षा बारीक. नवी आलेली बाई मोठा मणी हवा म्हणून मोठा नंबर सांगते आणि चष्म्याचा नंबर वाढवून घेते.

भोकाची ही मातब्बरी जुनी आहे. गुजरातेत खंबायतेला अकीक नावाच्या कठीण दगडाचे मणी होतात. दगड येतो भरूचजवळच्या रतनपूरच्या बाजूने, आणि त्याचं मूळ आपल्याच काळ्या कातळात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे अकीक साचला. खंबायतेचे कारागीर तो उन्हात वाळवतात, भाजून लाल करतात, छिलून गोल करतात, आणि मग भोक. हिऱ्याच्या कणी बसवलेली सळई धनुकलीने फिरवायची, वरून पाण्याचा थेंब चालू. हडप्पाच्या लोकांकडे हिराही नव्हता. सिंधमधल्या चन्हुदडोला १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं, तेव्हा मणी करणाऱ्यांची सगळी कार्यशाळाच सापडली. तिथल्या सळया कठीण दगडाच्या आहेत. त्या दगडाला पुढे मॅकेंच्या नावावरून अर्नेस्टाइट म्हणू लागले. बोटभर लांबीच्या लाल मण्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत यायचं आणि मध्ये अचूक गाठ घालून द्यायची. तासाला दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी पुष्कळ. असा एक मणी म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. मेसोपोटेमियातल्या उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत हे मणी निघाले, यात नवल नाही.

कौतुक करताना एक मात्र विसरू नये. दगड घासताना उडणारी बारीक धूळ खंबायतेच्या कारागिरांच्या फुप्फुसात बसते. सिलिकोसिसने तिथे माणसं ऐन उमेदीत गेली आहेत. पारंपरिक हस्तकला म्हणून आपण गळ्यात घालतो त्या माळेचा हिशेब कुणाच्या तरी खोकल्यातही लिहिलेला असतो.

नेवाशाची गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा दोन मिनिटं सगळ्यांचे हात थांबले. आमच्या वर्गात ही मोठीच दाद. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, ताम्रपाषाण काळातल्या वस्तीत एका लहान मुलाचा सांगाडा मिळाला. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. माती दोरा ठेवत नाही, तीन हजारांहून जास्त वर्षं तर नाहीच नाही. पण तांब्याच्या गंजाने मण्यांच्या आतला धागा राखला. तपासल्यावर त्यात सूत निघालं आणि रेशीमही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या चांडोलीला अशाच माळेत अळशीचा धागा निघाला. नेवाशाला कुणीतरी पोरासाठी दोन तऱ्हांचा धागा पिळून ओवला होता. गोष्ट ऐकून काकू एवढंच म्हणाल्या, “चांगलं पिळलं असणार. एकेरी दोरा टिकत नाही.”

लक्ष्मी रस्त्यावर सराफी दुकानाच्या पायरीशी मंगळसूत्र गाठवणारे पटवेकरी बसलेले दिसतात, तेही हेच सांगतील. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, काळ्या मण्यांची पोत मांडीवर, आणि पीळ देताना बोटं इतकी भराभर चालतात की नजर ठरत नाही. सोनं सराफाचं, पण ते गळ्यात राहतं ते यांच्या गाठीवर. बिलात मात्र गाठवणावळ सगळ्यात खाली.

आणि आता हलवा. इथे सगळं शास्त्र उलटं होतं, कारण हलव्याच्या दाण्याला भोकच नसतं.

आधी दाणा कसा होतो ते सांगतो, कारण आमच्या वर्गात आयता हलवा आणायला परवानगी असली तरी एकदा तरी परातीसमोर बसल्याशिवाय काकू कुणाला दागिन्याला हात लावू देत नाहीत. साखर बुडेल एवढं पाणी, उकळी आली की चमचाभर दूध. साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारी, त्याच्या पुढे नाही. दुसरीकडे मंद आचेवर परात, तिच्यात साबुदाणा किंवा खसखस, तीळ, मगज, लवंग, ज्याचा हलवा हवा ते. पूर्वी राखेने झाकलेल्या निखाऱ्यांवर परात ठेवत. आता गॅसवर तवा आणि तव्यावर परात. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या पेरांनी दाणे फिरवत राहायचं, ते सुटे आणि कोरडे होईपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. घाई करून जास्त पाक ओतला तर दाणे एकमेकांना धरून बसतात. आच वाढवली तर साखर दाण्यावर न बसता पिठासारखी खाली झडते आणि पांढऱ्याचा पिवळा होतो. पहिल्या दिवशी हाती लागतो तो जाडजूड, गुळगुळीत, अगदी निर्विकार दाणा. बायका त्याच्याकडे पाहून सुस्कारे टाकतात.

काटा येतो तो पुढच्या बैठकांत. दाण्यावर कुठेतरी साखरेचा एक बारीक उंचवटा आधी सुकतो. पुढच्या चमच्यातला पाक खळग्यापेक्षा त्या उंचवट्याला जास्त धरतो. तो आणखी उंच होतो, आणखी पाक ओढतो. श्रीमंताकडे पैसा जातो तशातलाच प्रकार. बघता बघता दाण्याला सगळीकडून टोकं फुटतात. थंडी कोरडी असेल तर काटा खुलतो. ढगाळ हवा पडली की काकू आकाशाकडे आणि मग परातीकडे बघून गॅस बंद करतात. “आज साखर ऐकायची नाही. तोरणं काढा.”

जपानमध्ये याचा सख्खा भाऊ आहे, कोम्पेइतो. तोही साखरेचा, तसाच काटेरी. तिरक्या, फिरत्या, तापलेल्या कढईत जवळजवळ दोन आठवडे थोडा थोडा पाक सोडून करतात. तिकडे तो पोर्तुगीजांबरोबर गेला. १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस या जेझुइट पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या कुपीत कोम्पेइतो नजर केला. हा फ्रॉइस जपानला जाण्यापूर्वी बरीच वर्षं गोव्यात होता, तिथेच त्याला दीक्षा मिळाली. पुढे तेरादा तोराहिको नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने कोम्पेइतोला शिंगं का फुटतात यावर गांभीर्याने डोकं चालवलं. आमच्याकडे हा प्रश्न विचारला तर उत्तर येतं, “हात हलता ठेवा, येतो काटा.” प्रयोगशाळेत हे उत्तर चालणार नाही, पण काटा येतो खरा.

तर असा दाणा तयार झाला. गोल, पांढरा, काटेरी, भोक नाही. सुई टोचायला जाल तर तुकडे. मग ओवायचा कसा?

ओवायचा नाही, बांधायचा. पांढऱ्या दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा, आणि दोरा दोन काट्यांच्या मधल्या खाचेत बसलेला जाणवला की अलगद ओढायचं. मग निरगाठ. लगेच त्याला टेकून पुढचा फास. जोर जास्त झाला तर दाणा फुटतो, कमी झाला तर निसटतो. इतका बारीक अंदाज बोटांना कसा येतो ते काकूंनाही सांगता येत नाही. त्या फक्त स्वतःची बोटं आपल्या बोटांवर ठेवून एकदा ओढून दाखवतात. पण काटा कशासाठी असतो ते इथे कळतं. इतकी वर्षं मी तो शोभेचा समजत होतो. गुळगुळीत दाण्यावरून दोरा घसरतो. काटेरी दाणा दोऱ्याला धरून ठेवतो. बाकीच्या मण्यांत भोक जे काम करतं, ते इथे काटा करतो. पहिल्या दिवसाचा गुळगुळीत दाणा दागिन्याला का चालत नाही, त्याचंही उत्तर हेच.

अशा माळा तयार झाल्या की त्यांचा हार, तन्मणी, पाटल्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. लवंगेवरचा लांबट हलवा झुमक्याच्या टोकाला शोभतो. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि हे पांढरे दागिने. जावयाला हार, नारळ, आणि हौसेने हलव्याचं घड्याळ, जे दिवसातून दोनदा तरी बरोबर वेळ दाखवतं. लहान मुलाच्या बोरन्हाणाला मुकुट, वाळे, बासरी.

आमच्या वर्गातलं एकमेव भांडण इथेच सुरू होतं. पुठ्ठा कापायचा, सोनेरी लेस लावायची आणि ग्लू गनने दाणे चिकटवून टाकायचे, असा एक पक्ष आहे. बहुमत त्यांचं. तासाभरात कंबरपट्टा तयार, दिसायला झकास, फोटोत तर जास्तच. बाजारात यापुढचीही पायरी निघाली आहे, थर्माकोलच्या गोळ्यांचे दागिने. ते भाड्याने मिळतात, मुंग्या लागत नाहीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या सुनेला चालतात. नव्या नवरीच्या सगळ्या संचाला दोऱ्याने गाठी मारत बसायचं तर संक्रांत रथसप्तमीपर्यंत लांबेल, हे मलाही मान्य आहे. नोकरी करणाऱ्या मुलींनी डिंक-पुठ्ठा वापरला तर मी नाक मुरडत नाही.

पण बोरन्हाणाचे दागिने चिकटवायचे नाहीत, एवढा माझा हट्ट आहे. पाटावर बसलेल्या त्या पोराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, ओले हरभरे ओतले की गल्लीतली सगळी पोरं खाली तुटून पडतात. जमिनीवरचं संपलं की त्यांची नजर जाते त्याच्या अंगावर. उत्सवमूर्ती स्वतःच बाजूबंद चोखत असते. ग्लू लावलेला दाणा त्या तोंडात जाणार? काकू मला ‘शुद्धिवाले’ म्हणतात, पण त्यांच्या नातवाची बासरी दोऱ्यानेच बांधली होती, हे मी पाहिलेलं आहे.

यंदा आमच्या इमारतीतल्या दीड वर्षाच्या कृष्णाचा सगळा संच माझ्याकडे आहे. त्याची आई परवा विचारायला आली, “काका, नंतर फ्रेम करून ठेवता येईल का हो? पहिलं बोरन्हाण आहे.” मी काही बोलायच्या आत काकूंनी पलीकडून सांगितलं, “अगं, फ्रेम करायची असेल तर थर्माकोलचे घे. हे रात्रीपर्यंत पोरांनी संपवायचं असतं. उरलं तर मुंग्या आहेतच.” ती जरा हिरमुसली, मग म्हणाली, बरं, फोटो काढीन. मुकुट आणि वाळे झालेत, बासरी चालू आहे. तिच्या एका टोकाचे दाणे मी मुद्दाम जरा सैल बांधतोय.