खांद्यावरचा वळ

आज लातूरच्या गंजगोलाई बाजारात ब्लाऊजचं माप देताना वहिनीनं पदर जरा सरकवला अन् खांद्यावरचा वळ दिसला, ब्राच्या पट्टीनं पडलेला, छाती लहान करायच्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली तरी पुरता बुजला नाही.

मी बघायले हे कळलं तिला. म्हणली, "समद्या बायांनी डाग राहिले का एवढंच विचारलं. पाठ दुखायची थांबली का हे एकीनंबी नाही विचारलं बघ."

मीपण नव्हतं विचारलं.

छाती लहान करायचं ऑपरेशन म्हणलं की लोकांना नखरे वाटतात, पण मान-पाठ सतत धरलेली, एप्रिल-मेच्या उन्हात छातीखालच्या घडीत घामानं कातडी सोलवटायची, हे कुणी बघितलं? डाग आहेत अजून, फिकट झालेत, तिला त्याचं काहीच नाही. 2009 पासून ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावलीच आहे, त्यात डॉक्टर नाही तर बाईच सांगते तिला कसं वाटतंय ते, अन् या ऑपरेशनच्या बहुतेक बाया कितीतरी वर्षांनीबी समाधानी असतात.

येताना ज्वारीची पिशवी तिनंच खांद्याला लावली, मला हात लावू दिला नाही. लई बरं वाटलं.

तुमच्या घरात असं कुणी असंल तर विचारलंत का कधी?