आमची वाटचाल : एक वॅगनेट, दोन घोडे आणि भरती-ओहोटीचा फळा

सराईच्या मागच्या गाडीखान्यात ती वॅगनेट, म्हणजे घोडा जुंपायची चारचाकी गाडी, धूळ खात पडली होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर मोडक्या खुर्च्या आणि चारही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. सराईच्या व्यवस्थापक बाईंना तिथे सायकली ठेवायच्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "तुमच्याकडे घोडी आहे ना? मग ही नेता का? नाहीतर भंगारात जाईल." मी ताडपत्री उचलली, मागचं छोटं दार उघडून आत चढले, समोरासमोरच्या दोन लांब बाकांपैकी एकावर बसले. खिडकीतून समुद्र दिसत होता. आमचा धंदा सुरू झाला तो त्या दुपारी.

सराईची मुख्य इमारत दगडी, अगदी पाण्यालगतची. तिच्या दारापुढची कमान पाहिली की कळतं, ती माणसांसाठी बांधलेलीच नाही. टपावर सामान लादलेली गाडी घोड्यांसकट सरळ आतल्या चौकात यावी एवढी ती उंच आणि रुंद आहे. जुन्या काळी अशा सराया घोड्यांच्याच जिवावर चालत. इंग्लंडमध्ये १७८४ साली ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपालगाडी सुटली, तेव्हा वाटेवरच्या सरायांत ताजे घोडे तयार ठेवलेले असत. दमलेली जोडी सोडायची, नवी जुंपायची, गाडी पुढे. घोड्याची विश्रांती हा सराईच्याच कामाचा भाग होता. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी कळली असती तर आमच्या घोडीला, शेवंताला, झालेली जखम टळली असती. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी चाकांबद्दल लिहायलाच हवं, कारण पहिले चार महिने आम्ही त्यांतच होतो. लाकूड सुकून आकसलं होतं. आरा, म्हणजे चाकातला दांडा, धरून हलवला की मधल्या तुंब्यात खुळखुळायचा. धाकटा भाऊ म्हणाला, चाकं पाण्यात बुडवून ठेवू, फुगतील. ज्यांच्याकडे आम्ही ती नेली ते म्हातारे सुतार म्हणाले, "फुगतील, आणि आठवड्यात पुन्हा सुकतील. चाकावरची धाव उतरवून लहान करायला हवी." त्यांनी लोखंडी धाव कापली, बोटभर तुकडा काढला, टोकं पुन्हा जोडली. आता ती चाकापेक्षा लहान झाली. मग मोठा जाळ करून ती त्यात लाल होईपर्यंत ठेवली. तापलेलं लोखंड पसरतं, तेवढ्या वेळात ती चाकावर बसवायची. तिघांनी चिमट्यांनी उचलून बसवली, चाकाच्या कडेच्या लाकडी पाट्यांनी भप्पकन पेट घेतला, आणि भावानं झारी ओतायला सुरुवात केली. धूर, वाफ, चर्र असा आवाज. त्या आवाजाखालून एकेक सांधा मिटत गेल्याची कटकट स्पष्ट ऐकू येत होती. थंड होताना आकसणारी धाव सगळे आरे आत ओढून घेते. एक खिळा न मारता चाक दगडासारखं घट्ट झालं. आठ हंगाम झाले, त्या चाकांतला एकही आरा अजून हललेला नाही.

गाडीखालच्या कमानपाट्यांना, म्हणजे गचके झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना, मात्र आम्ही हात लावला नाही. लंबगोल कमानींची ही पद्धत लंडनच्या ओबडाया इलियटनं १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात आणली. त्याआधी गाड्या हेलकावे खात जात. आमच्या कमानी गंजल्या होत्या, मोडल्या नव्हत्या.

घोडी एकच होती, शेवंता. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, अकरा वर्षांची, शांत. सराईशी बोलणं झालं ते फेरीमागे पैसे घेण्याचं. पाहुणा बसला की आम्हाला इतके, सराईला इतके. साधा, सरळ हिशेब. कमानीतून निघायचं, दीपस्तंभाच्या रस्त्यानं उतरायचं, ओल्या वाळूवरून कड्यापर्यंत जायचं आणि परत. चार किलोमीटर, कदमचालीनं चाळीस मिनिटं. पहिला हंगाम इतका चांगला गेला की आम्ही सरळ दुसऱ्याची तयारी केली.

दुसऱ्या हंगामात सुट्टीच्या एका दिवशी आम्ही नऊ फेऱ्या केल्या. पाहुणे रांगेत उभे होते, कोणाला नाही म्हणवेना. संध्याकाळी गळपट्टा काढताना शेवंतानं मान पलीकडे वळवली. असं ती कधी करत नसे. कंदील जवळ आणला तर खांद्यावर अंगठ्याच्या नखाएवढी जागा सोलवटलेली, केस गेलेले, ओली, गुलाबी. मी पट्टा उलटा केला. आतल्या नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या अस्तरावर, घामाचं मीठ वाळून पांढरी रेघ उठली होती आणि त्या रेघेत वाळूचे कण रुतून बसले होते. बोट फिरवलं. कानस होती ती. नऊ फेऱ्या, गाडीचं सगळं वजन त्या कानशीवर पेलून तिनं ओढलं होतं.

डॉक्टरांनी पट्टी केली आणि विचारलं, "सकाळी जुंपताना कान मागे टाकले होते का तिनं?" टाकले होते. मला वाटलं होतं, माश्या असतील.

तीन आठवडे शेवंता बसून होती आणि फेरीमागे पैसे असल्यामुळे आम्हीही. त्या तीन आठवड्यांत मी एकच गोष्ट उलटसुलट करून पाहत होते. पट्टा रोज धुवायचा, नमदा वाळवून घासायचा, गळपट्टा आणि श्वासनळी यांच्यामध्ये सपाट पंजा सहज जाईल एवढी जागा ठेवायची, हे सगळं आम्ही शिकलो आणि आजही करतो. पण दोष नुसता पट्ट्याचा नव्हता. आमच्या करारात प्रत्येक जादा फेरीला कमाई होती आणि न झालेल्या फेरीला नुकसान. अशा करारात कितीही प्रेमळ माणूस असला तरी शेवटी ओढायचं घोडीनंच.

मी व्यवस्थापक बाईंकडे गेले. म्हटलं, फेरीमागे नको, अख्ख्या हंगामाची एक ठरीव रक्कम द्या. फेरी तिकिटावर विकू नका, मुक्कामात धरा. एका घोड्याला दिवसाला जास्तीत जास्त चार फेऱ्या, दोन फेऱ्यांत निदान तासाची विश्रांती, आणि थांबायचं कधी ते आम्ही ठरवणार. त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर दुसराही पर्याय होता, बॅटरीवर चालणारी गाडी. मग मी त्यांना मॅकिनॉ बेटाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवरातलं हे बेट. तिथल्या गावानं १८९८ साली मोटारींना बंदी घातली. १८८७ साली उघडलेल्या तिथल्या ग्रँड हॉटेलात पाहुणे आजही घोडागाडीनं पोहोचतात. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की हिवाळा आला की तिथले बहुतेक घोडे बेटावरून हलवून मोकळ्या कुरणांत सोडतात. विश्रांती त्यांनी धंद्यातच धरली आहे. बाईंनी ठरीव रकमेला होकार दिला, फक्त एका हंगामापुरता. तो करार आम्ही त्यानंतर दर हंगामाला नवा करत आलो आहोत.

त्याचा उपयोग पहिल्यांदा उन्हात झाला. समुद्रावर वारा असतो, म्हणून माणसाला उकाडा कमी वाटतो. घोड्याचं तसं नाही. घोडा थंड होतो तो मुख्यतः घाम वाळून, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता फेस होऊन ओघळतो. घोड्यांच्या माणसांमध्ये एक ढोबळ गणित चालतं : फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. १३० च्या आत असेल तर चिंता नाही. १५० च्या पुढे घोड्याला अंग थंड करणं जड जातं. १८० ला काम बंद. किनाऱ्यावर १५० च्या आतले दिवस थोडेच मिळतात. १५० ओलांडलं की आम्ही चौघांऐवजी दोघांनाच बसवतो, विश्रांती दुप्पट करतो. आणि १८० ची वाट न पाहता १७० लाच घोडा सोडतो.

एका दुपारी पारा ३२ वर, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९०, आणि आर्द्रता ८२. बेरीज १७२. एक आजी आल्या होत्या. लहानपणी अशाच गाडीत बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी निघायच्या होत्या. त्यांचा मुलगा मला समजावत होता, एकच फेरी, आई पुन्हा येईल न येईल. मी आजींना पागेत घेऊन गेले. शेवंताच्या जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते, तिथे त्यांची दोन बोटं टेकवली आणि हातात घड्याळ दिलं. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, हे सांगितलं. आजींनी ओठ हलवत मोजले. बावन्न. सकाळची फेरी होऊन दोन तास उलटले होते. त्यांनी बोटं काढली नाहीत, आणखी एक मिनिट मोजलं, आणि मुलाला म्हणाल्या, "राहू दे रे." मग चौकात उभ्या गाडीत त्या तासभर बसल्या. फेरीमागे पैसे असते तर मी त्या मुलाला नाही म्हटलं असतं का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, त्याचे स्नायू आखडतात, असं आम्हीही ऐकतच मोठे झालो. ते खरं नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये घोड्यांना उकाड्यात धावावं लागणार म्हणून आधी बराच अभ्यास झाला, आणि त्यात भरपूर गार पाणी ओतत राहणं हाच चांगला उपाय ठरला. आमच्या पागेत आता नळाला लांब पाइप आहे. फेरीहून आल्यावर मान, छाती, पोट, मांड्या, सगळीकडे पाणी सोडत राहतो, आणि पिण्याची बादली समोर असते. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो, उकाड्यात त्याहून जास्त.

उन्हानंतर आमचा दुसरा मालक समुद्र. ओली, घट्ट वाळू असेल तर गाडी रस्त्यावरच्यासारखी जाते. कोरड्या वाळूत तेच वजन कितीतरी पटींनी जड होतं, चाक रुततं आणि घोडा प्रत्येक पावलाला चढ चढल्यासारखा ओढतो. म्हणून फेरी ओहोटीच्या आसपासच. आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाहुण्यांना "रोज पाचला" हवं असतं, ते जमत नाही. एकदा आम्ही जमवायला गेलो होतो. उधाणाचे दिवस होते, परतताना पाणी कड्याच्या पायथ्याशी आलं आणि गाडी मऊ वाळूकडे ढकलली गेली. मागचं चाक तुंब्यापर्यंत बसलं. सगळ्यांना उतरवलं, भावानं आणि दोन पाहुण्यांनी चाकाच्या आऱ्यांना खांदा दिला, आणि शेवंतानं एका दमात गाडी काढली. कोणाला काही झालं नाही. पण पाण्याचा तो आवाज माझ्या कानांतून जात नाही. दुसऱ्याच दिवशी सराईच्या दिवाणखान्यात फळा लागला. त्यावर रोज सकाळी मी ओहोटीची वेळ आणि फेऱ्यांच्या वेळा लिहिते, उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी) तेही. भांगाच्या दिवसांत पाणी फार मागे जात नाही, तेव्हा कड्यापर्यंत न जाता दीपस्तंभावरूनच वळतो.

खुरांचं थोडक्यात. खूर महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून नालबंदमामा दर सहा आठवड्यांनी येतात. खाऱ्या पाण्यानं खिळे लवकर गंजतात. रोज रात्री गोड्या पाण्यानं पाय धुणं आणि खूर साफ करणं चुकत नाही. हंगाम संपला की दोन महिने नाल काढून दोन्ही घोडे कुरणात. ते दोन महिने ठरीव रकमेतच बसतात.

दोन्ही घोडे म्हणजे शेवंता आणि मोती. मोती चौथ्या हंगामात आला. अबलख, सहा वर्षांचा, रस्त्यावर अगदी भरवशाचा. पण लाट बघितली की जागीच थिजायचा. घोड्याच्या दृष्टीनं विचार केला की कळतं : समोरची जमीनच पांढरी कड घेऊन त्याच्या पायांकडे सरकत येते. आम्ही त्याला जुंपला नाही. रोज शेवंताच्या मागे मोकळा चालवायचो, पहिले काही दिवस पाण्यापासून वीस पावलांवर, मग पंधरा, मग दहा. शेवंता गुडघाभर पाण्यात उभी राहून फुरफुरायची आणि तो लांबून बघायचा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी एक लाट त्याच्या चारही पायांखालून गेली. त्यानं कान टवकारले, मान खाली घातली, मागे जाणारा फेस हुंगला, आणि शेवंताच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

शेवंता आता एकोणीस वर्षांची आहे. सकाळच्या गार हवेत ती एकच फेरी करते, बाकीच्या मोतीच्या. ती गाडीतून पूर्ण सुटेल तेव्हा तिसरा घोडा लागेल. त्याची बोलणी व्यवस्थापक बाईंशी चालली आहेत आणि शेवंताच्या पुढच्या खुराकाची रक्कमही मी त्याच कागदात घातली आहे. उद्या ओहोटी सकाळी सात दहाला. पहिली फेरी साडेसहाला कमानीतून निघेल, शेवंतासह. चौघांची जागा आहे. बेरीज वाढली तर दोघांची.