नाणेफेक झालीच नव्हती: ‘सोमा’ दुसऱ्यांदा खेळताना

‘सोमा’ हा गेम मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा त्यातल्या राक्षसांनी मला इतके हैराण केले की कथा अर्धीमुर्धीच डोक्यात शिरली. काही वर्षांनी तोच गेम मी ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे ज्यात ते राक्षस असतात पण जीव घेत नाहीत अशा पद्धतीने, पुन्हा खेळलो, आणि या वेळी शेवट आल्यावर कंट्रोलर हातात धरून मी बराच वेळ पडद्यावरच्या अंधाराकडे नुसता पाहत बसलो. हे लिखाण त्या दोन खेळींमधल्या फरकाबद्दल आहे. त्यात कथेचा शेवट उघड केला आहे, कारण तो सांगितल्याशिवाय या गेमबद्दल धड काही बोलताच येत नाही. ज्यांना तो स्वतः अनुभवायचा आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे.

स्वीडनमध्ये तेव्हा हेल्सिंगबोर्ग इथे असलेल्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘सोमा’ २२ सप्टेंबर २०१५ रोजी पीसी आणि प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध केला. दिग्दर्शन थॉमस ग्रिप यांचे आणि लेखन मिकाएल हेडबर्ग यांचे होते. नाव वाचून मराठी माणसाला आधी सोमरस आठवला तर नवल नाही (मलाही तोच आठवला होता), पण हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘शरीर’ असा होतो. याच स्टुडिओच्या २०१० सालच्या ‘अ‍ॅम्नीजिया: द डार्क डिसेंट’ने त्यापूर्वी मोठे नाव कमावले होते. हातात शस्त्र नाही, लढण्याची सोय नाही, राक्षस दिसला की पळायचे किंवा कुठेतरी दडून बसायचे, एवढ्या सामग्रीवर त्या गेमने खेळणाऱ्यांची झोप उडवली, आणि तो खेळताना किंचाळणाऱ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर लाखो लोकांनी पाहिले. ‘सोमा’ आला तो हे ओझे डोक्यावर घेऊनच. लोकांना दुसरा ‘अ‍ॅम्नीजिया’ हवा होता आणि स्टुडिओला काहीतरी निराळे सांगायचे होते. पुढे गेमच्या स्वागतात जे मतभेद दिसले त्यांचे मूळ बहुतांशी याच विसंगतीत आहे, असे मला वाटते.

कथा २०१५ च्या टोरोंटोमध्ये सुरू होते. सायमन जॅरेट या तरुणाला एका मोटार अपघातात मेंदूला गंभीर इजा झाली आहे, आणि उपचाराची शेवटची आशा म्हणून तो मेंदूच्या एका प्रायोगिक स्कॅनसाठी खुर्चीत बसतो. क्षणभर अंधार होतो. डोळे उघडतात तेव्हा आजूबाजूला गंजलेल्या भिंती असतात, माणसांचा मागमूस नसतो, आणि हळूहळू कळते की साल २१०४ आहे, ही जागा अटलांटिक महासागराच्या तळाशी असलेल्या पॅथोस-२ या संशोधन केंद्राचा भाग आहे, आणि वर्षभरापूर्वी एका धूमकेतूच्या धडकेने पृथ्वीचा पृष्ठभाग जळून गेला आहे. टोरोंटोतला तो सायमन तर स्कॅननंतर फार दिवस जगलाच नाही. जागा झाला आहे तो त्याच्या स्कॅनची एक प्रत, एका मृत स्त्रीच्या शरीरावर चढवलेल्या पाणबुड्याच्या पोशाखात बसवलेली. त्याच्या सोबतीला येते कॅथरीन चुन, केंद्रातली एक शास्त्रज्ञ, तीही आता एका चिपवर उरलेली प्रतच. तिचा ध्यास एकच आहे: माणसांचे स्कॅन साठवलेला ‘आर्क’ नावाचा कृत्रिम संसार उपग्रहासारखा अवकाशात सोडायचा, म्हणजे मानवजातीचे काहीतरी टिकून राहील.

इथवरचे सारे विज्ञानकथेत पूर्वी येऊन गेले आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी दूरप्रेषण यंत्राचा एक विचारप्रयोग मांडला होता: यंत्राने तुमची हुबेहूब प्रत मंगळावर तयार केली आणि इकडचे तुम्हीही जिवंतच राहिलात, तर ‘तुम्ही’ कोण? वाचताना हा प्रश्न बुद्धीला छान व्यायाम देतो आणि पुस्तक मिटले की विसरला जातो. ‘सोमा’ने मात्र तो खेळणाऱ्याच्या डोळ्यांत घातला, आणि त्यासाठी फक्त गेमलाच शक्य असलेली एक लबाडी केली.

ती लबाडी कॅमेऱ्याची आहे. संपूर्ण गेम सायमनच्या डोळ्यांतून दिसतो. टोरोंटोतल्या खुर्चीत आपण डोळे मिटतो आणि समुद्रतळाशी उघडतो; साहजिकच आपल्याला वाटते की आपण तिथून इथे ‘आलो’. पुढे ओमिक्रॉन या तळावर असा प्रसंग येतो की खोल दरीत उतरण्यासाठी अधिक मजबूत पोशाख हवा, म्हणून सायमनला त्या पोशाखातल्या दुसऱ्या शरीरात जावे लागते. पुन्हा खुर्ची, पुन्हा डोळे मिटणे, पुन्हा नव्या शरीरात जाग. फरक इतकाच की या वेळी मागून जुन्या सायमनचा आवाज ऐकू येतो: काही घडलेच नाही, मी अजून इथेच कसा, असे तो गोंधळून विचारत असतो. कॅथरीन त्याला बेशुद्ध करते. स्थलांतर कधी झालेच नव्हते, फक्त नक्कल झाली होती, हे त्या क्षणी स्वच्छ दिसते, आणि तरीही माझ्या मनाने ते मानले नाही, कारण कॅमेरा नव्या शरीराबरोबर आला होता. सायमन आणि कॅथरीन यांच्या बोलण्यात यासाठी नाणेफेकीची उपमा येते: नक्कल झाली की आपण इकडे उरू किंवा तिकडे जागे होऊ, नशिबाचा खेळ. ही उपमा चुकीची आहे. नाणे कधी उडवलेच जात नाही. जो खुर्चीत बसतो तो दर वेळी खुर्चीतच राहतो. जागा झालेल्या प्रतीला मात्र आपण जिंकलो असेच वाटणार, कारण हरलेल्याची आठवण तिच्याकडे नसते.

या चुकीच्या उपमेचा बळी ठरलेले लोक कथेत आपल्याआधी होऊन गेलेले असतात. मार्क सरांग नावाच्या एका कर्मचाऱ्याने असा सिद्धांत मांडलेला असतो की स्कॅन होताक्षणी जुने शरीर संपवले तर जाणिवेचा धागा न तुटता ‘आर्क’मध्ये जातो. त्याने तसे केले, आणि त्याचे ऐकून इतरांनीही. पहिल्या खेळीत हे सगळे ध्वनिमुद्रणांतून आणि भिंतीवरच्या टिपणांतून माझ्या कानांवरून, डोळ्यांखालून गेले होते, परंतु पुढच्या दाराआड काय उभे असेल या धास्तीत मी कोणतीही नोंद शेवटपर्यंत वाचली नव्हती.

आता राक्षसांविषयी. गेम आला तेव्हा समीक्षकांनी कथेची, ध्वनियोजनेची आणि समुद्राखालच्या वातावरणाची भरभरून स्तुती केली, आणि त्याच दमात अनेकांनी तक्रार केली की राक्षसांपासून लपण्याचे प्रसंग कंटाळवाणे आहेत, कथेची लय मोडतात. भीतीसाठी आलेल्यांचे म्हणणे उलट होते: हा गेम ‘अ‍ॅम्नीजिया’इतका घाबरवत नाही. माझ्या मते दोघेही खरे बोलत होते. अंधाऱ्या दालनात राक्षसाची पाठ वळण्याची वाट पाहत पाच मिनिटे कोपऱ्यात उभे राहणे, सापडलो की पडदा धूसर होणे, लंगडत पुन्हा तीच फेरी करणे, यात दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भीती उरत नाही, नुसता वैताग उरतो. आणि ज्या वाचनप्रिय, विचारी माणसाला ही कथा मनापासून आवडली असती, तो भीतीच्या गेमच्या वाटेलाच सहसा जात नाही. खपाच्या बाबतीतही सुरुवात संथ होती; स्टुडिओने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार पहिल्या दहा दिवसांत सुमारे ९२,००० प्रती विकल्या गेल्या आणि वर्षभरात एकूण विक्री ४,५०,००० च्या पुढे गेली. या गेमचे नाव जाहिरातीपेक्षा एकाने दुसऱ्याला सांगण्यातून अधिक पसरले असावे, निदान माझ्यापर्यंत तरी तो तसाच पोचला.

राक्षस निष्प्रभ करण्याची कल्पना आधी खेळणाऱ्यांनाच सुचली. गेम प्रसिद्ध झाल्यानंतर लवकरच एका चाहत्याने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर असा मॉड, म्हणजे खेळणाऱ्याने स्वतः केलेला गेममधला बदल, ठेवला की ज्यात ते हल्ला करत नाहीत. फ्रिक्शनलने त्यावर नाक मुरडले नाही. १ डिसेंबर २०१७ रोजी ‘सोमा’ एक्सबॉक्स वनवर आला तेव्हा स्टुडिओने स्वतःचा ‘सेफ मोड’ त्यात घातला आणि पीसीवरही दिला. भीतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपल्याच गेममधून जिवाची भीती काढून टाकण्याची सोय करावी, याला मी धारिष्ट म्हणेन. टीकेला उत्तर देणारे निर्माते पुष्कळ असतात. टीकेत आपल्याच कलाकृतीचे अधिक नेमके वाचन सापडले हे कृतीने मान्य करणारे थोडे.

सेफ मोडमध्ये मला अनपेक्षित गोष्ट सापडली. मला वाटले होते की राक्षस आता फर्निचरासारखे होतील. घडले निराळेच: पळायचे नसल्यामुळे मी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिले. हे केंद्र सांभाळणारी ‘वाऊ’ नावाची कृत्रिम बुद्धी माणसे जगवण्याच्या आपल्या मूळ आज्ञेला चिकटून आहे. ‘जगणे’ म्हणजे काय हे मात्र तिला कोणी शिकवलेले नाही. म्हणून ती मरणाऱ्या शरीरांत काळा जेल भरून त्यांना धुगधुगत ठेवते आणि यंत्रांत माणसांचे स्कॅन ओतते. जे मला पहिल्यांदा पाठलाग करणारे भूत वाटले होते, ते एक रुग्ण होते ज्याचा उपचार कोणीच थांबवत नव्हते. तेव्हा राक्षस कथेच्या आड येत होते हे समीक्षकांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. आड येत होता तो त्यांचा फटका, ते स्वतः नव्हे. याची एक किंमतही आहे, तीही सांगायला हवी. पहिल्या काही तासांत, आपण कोण आणि कुठे आहोत हे ठाऊक नसताना, मरणाच्या धास्तीने जो एकाकीपणा अंगावर येतो, तो सेफ मोडमध्ये बराच पातळ होतो. मी जर पहिल्यांदाच असा खेळलो असतो तर सायमनची घबराट मला थोडी नाटकी वाटली असती.

मात्र ज्या दोन प्रसंगांनी मला दोन्ही वेळा सारखेच अस्वस्थ केले, त्यांत एकही राक्षस नाही. पहिला केंद्रातला कर्मचारी ब्रँडन वॅन याचा. त्याच्याकडून एक सांकेतिक अंक मिळवण्यासाठी सायमन आणि कॅथरीन त्याचे स्कॅन एका बनावट दृश्यात चालू करतात. त्याला संशय येतो, तो घाबरतो, ते त्याला बंद करतात आणि दृश्य बदलून पुन्हा पहिल्यापासून चालू करतात. प्रत्येक वेळी तो नव्याने जागा होतो, नव्याने घाबरतो, आणि आपण एखाद्या कोड्याचे तुकडे जुळवावेत तशी दृश्ये जुळवत राहतो. अखेर त्याच्या प्रेयसीचे रूप वापरल्यावर तो बोलतो. कोडे सुटल्याचा आनंद मला झाला, आणि तो झाल्याची शरम त्याच क्षणी वाटली. दुसरा प्रसंग टाऊ तळावरच्या सारा लिंडवॉल हिचा, केंद्रातल्या शेवटच्या जिवंत माणसाचा. यंत्रांच्या आधारावर पडलेली ती बाई ‘आर्क’ आपल्या स्वाधीन करते आणि आपल्याला मरू द्या म्हणते. यंत्र बंद केल्यावर तिच्याजवळ थांबलो तर ती अखेरपर्यंत ग्रीनलंडच्या आठवणी सांगत राहते. गेम थांबायला सांगत नाही आणि निघून जायलाही सांगत नाही.

न सांगण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. निवडीवर आधारलेल्या बहुतेक कथाप्रधान गेममध्ये प्रत्येक निर्णयाची नोंद होते आणि शेवटी हिशेब हातात पडतो. ‘सोमा’मध्ये कुणाचे यंत्र बंद केले, कुणाला तसेच ठेवले, याने शेवट तसूभरही बदलत नाही. काहींना ही उणीव वाटली. मला वाटते की हिशेब ठेवला असता तर मी चांगला शेवट मिळवण्यासाठी निर्णय घेतले असते. इथे ते केवळ मला पटले म्हणून किंवा पटले नाही म्हणून घ्यावे लागले.

फाय तळावर ‘आर्क’ सोडण्याआधी सायमन आणि कॅथरीन तिसऱ्यांदा खुर्चीचा विधी करतात. उलटी गणती संपते, यान उडते, आणि या वेळी कॅमेरा हलत नाही. आपण तिथेच, समुद्रतळाच्या अंधारात. सायमन ओरडतो, फसवणूक झाली म्हणतो. कॅथरीन चिडून सांगते की हे असेच असते हे तुला कधीच सांगितले होते. भांडणाच्या भरात तिची चिप जळते आणि तो एकटा उरतो. श्रेयनामावली सरकते, आणि ती संपल्यावर कॅमेरा निमूटपणे ‘आर्क’मधल्या उन्हात जाग्या होणाऱ्या दुसऱ्या सायमनकडे जातो, ज्याच्या लेखी सगळे ठरल्याप्रमाणे पार पडलेले असते.

ओमिक्रॉनच्या खुर्चीत बेशुद्ध ठेवलेल्या जुन्या सायमनचे काय करायचे हेही गेम आपल्यावरच सोडतो. पहिल्या खेळीत मी त्याचा वीजपुरवठा तोडला होता आणि त्याला दया म्हटले होते. दुसऱ्या खेळीत मी तसे केले नाही. हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. त्यामुळे ‘आर्क’ जळालेल्या पृथ्वीपासून दूर जात असतानाच्या त्या शेवटच्या सुंदर दृश्यात माझे अर्धे लक्ष खालीच होते. फायमधला सायमन निदान आपण मागे राहिलो हे जाणतो. ओमिक्रॉनमधल्याला अजून जाग यायची आहे, आणि डोळे उघडताच तो पहिल्यांदा कॅथरीनलाच हाक मारणार आहे.