ठाण्याच्या नळाला कृष्णेचं पाणी

ठाण्याला पाणी देणारी उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहते, ती बरीचशी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. ते पाणी येतं ठोकळवाडी धरणातून, म्हणजे घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं. आंध्रा इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे हिशेब कृष्णेच्या खात्यात!

कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचे 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) वाटले: महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशला 800. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. 75 टक्के म्हणजे शंभरातल्या पंचवीस वर्षी एवढं पाणी नसतंच, आणि भांडणं नेमकी तेव्हाच पेटतात. पश्चिमेकडे वळवलेलं पाणी परत खोऱ्यात जात नाही, म्हणून खाली भीमेच्या खोऱ्यातल्या सोलापूरकरांचा डोळा त्यावर असतो. रास्तच आहे.