जिन्यातल्या चपला

गुरुवार, रात्री

काल संध्याकाळी फलकावर लावलेल्या सूचनेवर आज सकाळी कोणीतरी हिरव्या पेनाने एक गोल काढून ठेवला होता. इंग्रजीतल्या तीन ओळींपैकी ‘डू नॉट कीप शूज इन द स्टेअरकेस’ या ओळीतला ‘इन’ तेवढा गोलात घेऊन त्याच्या डोक्यावर नेटक्या, बारीक अक्षरांत ‘ऑन’ लिहिले होते. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता; खाली माझी सही आणि सेक्रेटरीचा शिक्का जिथल्या तिथे होता. दुधाची पिशवी घेऊन वर आलो, चहा झाला, आंघोळ झाली, पण तो हिरवा गोल काही डोळ्यांसमोरून हलेना.

चूक झाली याचे वाईट वाटत नाही, असे मी दिवसभर स्वतःला सांगत आहे. वाईट वाटते ते न बोलता दुरुस्त करून निघून जाण्याचे. नाना असते तर त्यांनी लिफ्टपाशी गाठून चारचौघांत ऐकवले असते, आणि ते मला अधिक परवडले असते. हिला सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘अहो, एक अक्षर बदलले, एवढे काय!’’ एकच अक्षर बदलले, हेच तर मला सलते आहे.

‘इन’ का लिहिले, हे मला पक्के ठाऊक आहे. आपण जिन्यात भेटतो, जिन्यात अंधार असतो, जिन्यात चपला काढतो. आपल्या लेखी जिना ही भिंतींनी वेढलेली, आत शिरण्याची जागा आहे. इंग्रजीला तिथे आधी पायऱ्या दिसतात, आणि पायरीवर वस्तू टेकते, म्हणून ‘ऑन’. त्यातही गंमत अशी की, तीच चप्पल आपण पायात घालतो, जशी अंगठी बोटात आणि बांगड्या हातात. इंग्रजी माणसाची चप्पल मात्र पायावर आणि अंगठी बोटावर. म्हणजे पायात असो वा जिन्यात, या चपलेने मला दोन्हीकडे ‘ऑन’नेच गाठले असते.

झाडाच्या बाबतीत तर हिशेब उलटाच आहे. आंबा झाडाला लागलेला असतो आणि पोपट झाडावर येऊन बसतो. एक झाडाचा आणि दुसरा पाहुणा, हा भेद आपण ‘ला’ आणि ‘वर’ यांतून बिनबोभाट दाखवतो. इंग्रजीत आंबा झाडा‘वर’ असतो आणि पोपट, भोवती पाने असल्यामुळे, झाडा‘त’. गाडीच्या बाबतीत मोटारीला ‘इन’ आणि बसला व रेल्वेला ‘ऑन’, कारण बसमध्ये किंवा रेल्वेत उठून उभे राहता येते, चालता-फिरता येते, असे सांगतात. हे स्पष्टीकरण देणाऱ्याने सकाळी ठाण्याहून मुंबईकडे जाणारी जलद गाडी एकदा पकडून पाहावी. अर्थात आपणही गाडीवरून आलो म्हटले की दुचाकी आणि गाडीतून आलो म्हटले की चारचाकी समजतो, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून ते २००० साली सुरू झाले. सर टेबलावर डस्टर ठेवायचे, टेबलाखाली ठेवायचे, मग खोक्यात टाकायचे, आणि आम्ही एका सुरात ‘ऑन’, ‘अंडर’, ‘इन’ म्हणायचो. जिन्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. तीस वर्षे कार्यालयात इंग्रजी पत्रे लिहूनही पाठवण्यापूर्वी दर वेळी या बारक्या शब्दांपाशी हात थबकतो, आणि ज्या एका दिवशी तो थबकला नाही, त्याच दिवशी कोणीतरी हिरवे पेन घेऊन जिना उतरत असावे. काही जणांना हे जन्मतः मिळते आणि काही जणांना... असो.

संध्याकाळी परतीच्या गाडीत मात्र मनाने वेगळीच वाट धरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली. ‘ठाण्याला’, म्हणजे ‘अ‍ॅट’, कारण गाडीच्या दृष्टीने ठाणे हा केवळ एक बिंदू. मी मात्र ठाण्यात राहतो, म्हणजे ‘इन’. घरी आणि घरात यांच्यातही जवळपास हाच फरक आहे. ‘त, ई, आ’ ही सप्तमी घोकताना तो कोणी समजावला नव्हता, तरी मी कधी चुकलो नाही. तेव्हा इंग्रजांच्या घरी जन्मलेल्यानेही ‘ऑन द स्टेअर्स’ विचार करून म्हटलेले नसणार, आणि हिरव्या पेनवाल्याचा यात फारसा पराक्रम नाही, एवढे तरी मला मान्य करून घेता आले.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. ‘स्टेअरकेस’चा एक अर्थ जिना सामावणारी वास्तू असाही दिलेला आहे, म्हणजे तो धरून चालले तर माझ्या ‘इन’लाही थोडी जागा मिळते. हे सांगायला क्षणभर उत्साह आला. पण सांगणार कोणाला? फलकावर शब्दकोशाचे पान चिकटवणारा सेक्रेटरी व्हायची माझी तयारी नाही.

जेवणानंतर नवा कागद घेतला आणि ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’ असे लिहिले. लिहिताना जाणवले की आमचा ‘त’ जिन्याला असा चिकटलेला आहे की तो एकटा गोलात धरताच येत नाही. त्याच्यासाठी ‘जिना’चे ‘जिन्या’ झालेले आहे. इंग्रजीतला बिचारा ‘इन’ दोन्ही बाजूंना जागा सोडून एकटा उभा असतो, कोणीही यावे आणि त्याला पकडावे. जुना कागद काढला नाही. हिरव्या गोलासकट तो राहू दिला आणि नवा त्याच्याखाली लावला.

वर येताना लिफ्ट घेतली नाही. तिसऱ्या मजल्यावर काल पाच जोड होते, आज सात आहेत.