धाकटीनं हात झटकला

उमरेडहून एक बाई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. शाळेतल्या तपासणीत त्याचा डावा डोळा कमजोर निघाला होता. सोबत चार वर्षांची धाकटी. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून आणलेली. नागपुरात लहान मुलांचे डोळे तपासणं हे माझं काम.

मुलाचा उजवा डोळा ६/६, म्हणजे नजर पूर्ण चांगली. डाव्यानं तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षर तेवढं ओळखलं. औषध टाकून नंबर काढला: उजवा अधिक १, डावा अधिक ५. चष्म्यानंही डावा फारसा पुढे सरकेना.

"डोळा तं सरळ आहे ना मॅडम, तिरळा बी नाही," आई म्हणाली.

डोळा खरंच निरोगी होता. पण वर्षानुवर्षं धूसर चित्रच पोचलं, की मेंदू त्या डोळ्याची दखल घेणं सोडतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६३ साली हे दाखवलं. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवला आणि मग उघडला, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी फक्त दुसऱ्या डोळ्याला प्रतिसाद देत. मोठ्या मांजरावर तसा परिणाम झाला नाही. वय निर्णायक असतं ते असं.

हा दोष भावंडांतही आढळतो, म्हणून धाकटीला मी तसंच जाऊ देणार नव्हते. डावा डोळा झाकला. ती सफरचंद, घर, सगळी चित्रं ओळखत राहिली. उजवा झाकला आणि तिनं माझा हात झटकला. पुन्हा झाकला, तर रडायलाच लागली. चांगला डोळा मुलं झाकू देत नाहीत!

आईचा चेहरा उतरला. मला मात्र हायसं वाटलं. चौथ्या वर्षी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यानं बहुतेक मुलांची नजर सुधारते.

आणि मोठा? सात-आठनंतर उपयोग नाही, असं पूर्वी सर्रास सांगत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ७ ते १२ वयाच्या जवळपास निम्म्या मुलांना चष्मा, पट्टी आणि चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणाऱ्या थेंबांचा फायदा झाला. "उशीर झाला" हे वाक्य मी कुठल्याच आईला ऐकवत नाही.

"पट्टी लावली तं पोट्टे चिडवतात," तो पुटपुटला. शाळा सुटल्यावर घरी, चित्रं काढताना लावायची, असं ठरलं.

काही महिन्यांनी धाकटी डाव्यानं जवळपास उजव्याइतकं ओळखू लागली. मोठ्याच्या दोन ओळी वाढल्या आहेत. त्याची पट्टी अजून चालू आहे.